चौथं पाणी

काचेचं भांडं धुवायला चार पाणी लागतात, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तीनदा नळाचं आणि चौथ्यांदा कॅनमधलं. कॅनमधलं म्हणजे गाडीच्या बॅटरीत घालतात तसलं, वाफ करून परत गार केलेलं. त्यात क्षार नसतो, मीठ नसतं, काही म्हणजे काही नसतं. सांगणाऱ्या बाईंनी एक भांडं नळाखाली खळाखळा विसळलं, मग कॅनची तोटी सोडून ते निर्मळ पाणी भांड्यात फिरवलं आणि सरळ मोरीत ओतून दिलं. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, हे शेवटचं काही आपल्या हातून व्हायचं नाही.

मी जत तालुक्यातली. माझ्या माहेरी टँकर आला की घरातलं झाकणसुद्धा पाणी भरायला बाहेर निघायचं. भाजी धुतलेल्या पाण्यात आई हात धुवायची आणि तेच पाणी मेंढरांपुढं ठेवायची. लग्न होऊन सांगलीला आले, इथे पाण्याला तोटा नाही, तरी नळ सोडून भांडी घासायला मला अजून जमत नाही. बादलीत घेऊनच घासते. आमचे मालक मार्केट यार्डात हळदीचा टेम्पो चालवतात. ते म्हणतात, "नदी काय तुज्या बानं राखाय दिल्या व्हय?"

मी काम करते ते कॉलेज औषधं बनवायला शिकवणारं आहे. दिवाळी झाल्यावर मी तिथल्या प्रयोगशाळेत लागले. माझं शिक्षण चौथी, गावातली शाळाच तेवढी होती. काम काचसामान धुवायचं, पुसायचं आणि कपाटात लावायचं. मला ते फार आवडलं, कारण बोलावं लागत नव्हतं. चार माणसं बसलेली असली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. भांडी बरी. त्यांना धुतलं की झालं.

तिथं एक मुलगी संशोधन करत होती. पाटणच्याही पलीकडची, कोयनेच्या खोऱ्यातली. पावसात वाढलेली, त्यामुळे तिचा नळ सोडला की सोडलेलाच. ती टेबलाकडे गेली की मी मागून जाऊन हळूच बंद करायची. मग ती परत यायची आणि म्हणायची, "मावशी, हा नळ आपोआप बंद होतो का हो?" मी हसायची. ती मला मावशी म्हणायची आणि मी तिला ताई. "अगं म्हणा की," ती म्हणायची. मला ते जमायचं नाही.

ती गवारीचं जेल करायची. गवारीची भाजी आपण खातो, तिच्याच वाळक्या बियांची पांढरी पूड तिच्या बरणीत असायची. ती पूड पाण्यात घोटली की दाट खळ होते. त्या खळीत टाकणखाराचं पाणी थेंबथेंब घातलं की बघता बघता सगळं धरतं. टाकणखार म्हणजे सोनार दागिना सांधताना वापरतो तो. मग ते जेल शहाळ्यातल्या मलईसारखं होतं, उचललं की थुलथुलतं.

एके दिवशी तिनं मला हाक मारली. तिच्यापुढं दोन वड्या होत्या, एक पांढरी आणि एकीत लाल रंग घातलेला. तिनं सुरीनं दोन्ही मधोमध कापल्या. पांढरा अर्धा आणि लाल अर्धा एकमेकांना टेकवून ठेवला आणि म्हणाली, "आता चहा पिऊन या."

मी चहा पिऊन आले. तिनं ती वडी लाल टोकाला धरून उचलली तर पांढरा अर्धाही सोबत आला. ओढलं तरी सुटेना.

"काय लावलंसा?" मी विचारलं.

"काही नाही. त्याचं तेच जुळतं. तुम्ही फुगडी खेळलाय ना? हात सुटला तर काय करता?"

"परत धरतो."

"बास, तेच. ह्याच्या आत गवारीचे धागे टाकणखाराच्या हातानं एकमेकांना धरून उभे आहेत. कापलं की हात सुटतात. जवळ आणलं की परत धरतात."

मी त्या वडीकडे बघतच राहिले. तिनंच मग सांगितलं की हे कशाला करायचं. तिचा भाऊ फौजेत आहे. त्याच्या गुडघ्याला जखम झाली होती आणि गुडघा वाकला की वरची पट्टी दर वेळी फाटायची. हे जेल जखमेवर बसवलं तर वाकताना फाटेल, पण सरळ झालं की परत जुळेल. जखम ओलसर राहील, आत औषध मिसळलं तर ते हळूहळू झिरपेल. अजून माणसाला लावायचं नाही, त्याला बराच अवकाश आहे, आधी खूप तपासण्या. दुसऱ्या टेबलावरचा एक जण असलंच काहीतरी कोळंबीच्या टरफलातून काढत होता, त्याचा वास मात्र विचारू नका. आणि अशी काही जेलं रोपाच्या मुळाशी घालतात म्हणे, ती पाणी पिऊन बसतात आणि झाडाला लागेल तसं देतात. हे ऐकून माझे कान टवकारले. "ते जतला न्या पयलं," मी म्हटलं. तिच्याशी बोलताना मला एवढं तरी सुचायला लागलं होतं.

इथवर सगळं छान होतं. मग डाग आले.

चौथं पाणी मी घालतच नव्हते ना. तीनदा नळाचं, तेही बादलीत बुडवून, आणि भांडी पालथी. इथल्या नळाला बोअरचं पाणी, सुकलं की काचेवर पांढरी कडी उठतात. एक दिवस सरांनी एक भांडं खिडकीकडे धरलं. सर म्हणजे त्या मुलीचे मार्गदर्शक, माणूस शांत, पण सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काय? रांगोळी काढलीय का?" मुलं हसली. मला मोरीच्या भोकातून खाली जावंसं वाटलं.

घरी तांब्याची कळशी डागाळली की आपण काय करतो? चिंच. दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून मूठभर चिंच नेली. एका बादलीत कोळून ठेवली, धुतलेली भांडी त्यात बुडवून काढायची आणि तशीच पालथी घालायची. डाग गेले, काच अशी झळकायला लागली की कपाटाचं दार उघडलं की डोळे दिपावेत. पाणीही किती वाचलं. एक बादली दिवसभर पुरायची.

पंधरा दिवसांनी सरांनी परत एक भांडं खिडकीकडे धरलं. "मावशी," ते म्हणाले, "अशी भांडी कुठल्याच लॅबमध्ये बघितली नाहीत मी." आणि मुलांना म्हणाले, "शिका जरा."

मला कुणी चारचौघांत असं म्हटल्याचं आठवत नाही. घरी जाताना मी स्टँडपर्यंत चालतच गेले, रिक्षासुद्धा आठवली नाही.

त्याच सुमाराला त्या मुलीचं जेल बिघडलं.

आधी सैल झालं. मग धरेना. धरलं तरी कापल्यावर जुळेना, दोन अर्धे नुसते शेजारी पडून राहायचे, रुसलेल्या जावांसारखे. तिनं गवारीची पूड बदलली. टाकणखार बदलला. कॅन बदलला. जेल पिठासारखं आंबत असेल म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवलं. काही केल्या जुळेना. संक्रांत गेली, शिवरात्र आली. बाहेरगावचे एक साहेब तिची परीक्षा घ्यायला येणार होते, गुरुवारी, आणि त्यांच्यासमोर वडी कापून जोडून दाखवायची होती. नाही जमलं तर आणखी एक वर्ष.

आणि ते वर्ष तिला मिळणार नव्हतं. तिनंच एकदा डबा खाताना सांगितलं. तिच्या वडिलांनी निरोप दिला होता, या वर्षी पास झालीस तर पुढं खुशाल शीक, नाहीतर आम्ही आमच्या पद्धतीनं बघतो.

"आमच्या पद्धतीनं म्हणजे?"

"कराडचं स्थळ," ती म्हणाली आणि माझ्या डब्यातला खर्डा उचलून खाल्ला. "पोरगा चांगला आहे म्हणे. पण त्याला कापून जोडता येत नाही ना."

ती अशीच बोलायची. पण त्या दिवशी तिनं भाकरी अर्धी टाकली.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी तिनं बिघडलेल्या जेलात कागदाची एक पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला. ती पट्टी माझ्यापुढं धरून म्हणाली, "बघा मावशी. कुठनं तरी आंबट येतंय. आंबट लागलं की टाकणखाराचे हात सुटतात, मग ते परत धरत नाहीत. पण येतंय कुठनं? पूड बघितली, पाणी बघितलं, सगळं बघितलं."

माझ्या नखांत चिंच होती. मी हात पदराखाली घेतले.

रविवारी घरी मी मालकांना सांगितलं. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगणार? ते टेम्पोचं चाक खोलत होते.

"आवं, माज्याच चिंचंनं हुतंय ते."

"मग काय झालं? चिंचच लावलीस, इख न्हाई लावलंस."

"पर तिची परीक्षा हाय गुरुवारी."

"गप बस की. चिंच कुनाला दिसत्या व्हय?" त्यांनी पाना फिरवला. "तुजी नोकरी ऱ्हाईल, पोरीचं लगीन हुईल. दोगींचं भागलं!"

ते मोठ्यानं हसले. चेष्टेच्या भरात बोलले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्या हसण्यानं मला चहा गोड लागेना.

मग मी एक युक्ती काढली. न बोलताच दुरुस्त करायचं. सोमवारी लवकर जाऊन चिंचेची बादली ओतली, आधीच्या दिवसांची दहा-बारा भांडी नळाखाली धरून घसाघसा धुतली. कॅनला मात्र हात लावला नाही, हात तिकडं वळतच नव्हता. ती भांडी मी तिच्या टेबलावर पुढं मांडली. ती आली, एक उचललं, खिडकीकडे धरलं.

"मावशी, ह्यावर डाग आहेत हो. आता चार दिवसांत मला कसलीच जोखीम नको. ही बाजूला ठेवा, ती चकचकीत द्या कपाटातली."

आणि स्वतःच कपाट उघडून तिनं माझ्या चिंचेची सहा भांडी निवडून काढली. चांगली बघून बघून. मी फडकं घेऊन उभीच.

मंगळवारी मी चिठ्ठी लिहिली. तोंडानं होत नाही तर हातानं. पाच वेळा लिहून पाच वेळा फाडली. शेवटची अशी होती: "ताई, भांड्याला चिंच आहे. माझी चूक. माफ करा." ती तिच्या वहीशेजारी ठेवली आणि मी जिन्याखाली जाऊन झाडू मारत बसले, तिथं झाडायला काहीच नव्हतं. अर्ध्या तासानं वर आले तर चिठ्ठीवर ओलं भांडं ठेवलेलं. तिनं ते उचललं तेव्हा कागद बुडाला चिकटून आला, शाई सगळी पसरलेली. तिनं दोन बोटांनी तो सोलून काढला, "काय कचरा करतात," म्हणाली आणि टोपलीत टाकला. नळ अर्थातच चालू होता.

मी नळ बंद केला आणि घरी आले.

बुधवारी दुपारी ती वही मिटून बसली होती. समोर वड्या, एकही न जुळलेली. "उद्या साहेबांना जुने फोटो दाखवते," ती मला म्हणाली. "म्हणेन, एके काळी जुळत होतं." नेहमीसारखी चेष्टा करायला गेली, पण शेवटचा शब्द नीट निघाला नाही. तिनं नाक पुसलं आणि वड्या गोळा करायला लागली.

"चिंच," मी म्हटलं.

"काय?"

"भांड्यास्नी चिंच लावत हुते. डाग जायाला. तीच आंबट."

तिचा हात थांबला. "कधीपासून?"

"सर बोलल्यापास्नं. संक्रांतीच्या आदी."

"आणि कॅनचं पाणी? चौथं?"

"ते न्हाई घातलं कवाच."

"का?"

मला उत्तर माहीत होतं, पण सांगताना ते फारच वेड्यासारखं वाटलं. "चांगलं पाणी हाय ते. मोरीत वतवंना मला."

ती उठली, एक चकचकीत भांडं घेतलं, त्यात कॅनचं घोटभर पाणी घातलं, फिरवलं आणि कागदाची पट्टी बुडवली. पट्टीनं रंग बदलला. तिनं ती पट्टी वहीत चिकटवली, मग भांडं ठेवलं आणि बाहेर निघून गेली. खिडकीतून दिसत होती. पायरीवर पाठ करून बसली होती. मी पिशवी भरून ठेवली. डबा, फडकं, चपलेचा जुना जोड. म्हटलं, सर येतील, सांगतील, जायचं.

पंधरा मिनिटांनी ती आली. "दोन महिने मी त्या गवारीला शिव्या घातल्या, मावशी," ती म्हणाली. "दोन महिने! गवारीनं माझं काय वाकडं केलं होतं?" आवाज चढलेला होता, डोळे लाल होते. मग माझ्या पिशवीकडे बघितलं. "आणि ही कुठं चालली? सगळी भांडी बाहेर काढा. दोघींनी धुवायची."

तीन पाणी तिनं घातली. नळ पूर्ण सोडून. मला बघवत नव्हतं, पण बघितलं. मग तिनं कॅन माझ्याकडे सरकवला.

"चौथं तुम्ही घालायचं."

मी पाणी घेतलं, फिरवलं आणि भांडं तसंच धरून उभी राहिले. ते पाणी इतकं निर्मळ दिसत होतं.

"ओता."

"ताई..."

"ओता म्हणते ना! तुमच्या जतला मी स्वतः टँकर घेऊन येईन. पण आज ओता."

"खाली बादली ठिवू का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी रागानं, मग तोंड वाकडं झालं आणि ती जी हसत सुटली ती टेबलाला धरून खालीच बसली. "ठेवा," ती कशीबशी म्हणाली. "ठेवा बाई, बादली ठेवा."

मग माझा हात चालला. एकेक भांडं, चौथं पाणी, खाली बादली. ती बादली मी मागच्या कढीपत्त्याला घातली. पाच वाजेपर्यंत तिनं त्या धुतलेल्या भांड्यांत खळ घोटून टाकणखार घातला, वड्या झाकल्या आणि आम्ही दोघी आपापल्या वाटेनं गेलो. जुळतंय का ते सकाळीच कळणार होतं.

गुरुवारी साहेब आले. पांढरे केस, हातात डायरी. मला चहाचा ट्रे घेऊन आत जायचं होतं. मी दारातच थबकले, कारण ती मुलगी तेव्हा सगळं खरंच सांगत होती. दोन महिने जेल का बिघडलं, भांड्यांत आंबट कसं राहिलं, ते कसं सापडलं. वहीतली पट्टीही तिनं दाखवली. माझं नाव घेतलं नाही. सर मान खाली घालून बसले होते.

साहेबांनी डायरीत काही लिहिलं आणि विचारलं, "मग आजची भांडी नीट आहेत कशावरून? तुम्ही स्वतः धुतलीत?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती दाराकडे वळून माझ्याकडे बघायला लागली, मग सर बघायला लागले, मग साहेब. मी पुढं होऊन ट्रे टेबलावर ठेवला.

"चार पाण्यानं धुतल्यात, सायेब," मी म्हटलं. "शेवटचं कॅनचं. मीच घातलंय."

"चारही वेळा? प्रत्येक भांड्याला?"

"व्हय. लय जिवावर आलं, पर घातलं."

साहेब हसले. त्यांनी एका रिकाम्या भांड्यात कॅनचं पाणी फिरवून पट्टी बुडवली. पट्टी होती तशीच राहिली. "बरं," ते म्हणाले, "कापा."

तिनं कापलं. लाल अर्धा, पांढरा अर्धा, टेकवून ठेवलं. साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चहा घेतला. मी बाहेर जायला हवं होतं, पण गेले नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सरांच्या चहावर साय धरली. वेळ झाली तेव्हा साहेबांनी स्वतःच ती वडी एका टोकाला धरून उचलली. दुसरा अर्धा लोंबकळत वर आला. त्यांनी हिसका दिला. ताणली, लांब झाली, मध्ये बारीक झाली.

सुटली नाही.

साहेब गेल्यावर ती व्हरांड्यात जाऊन फोनवर बोलायला लागली. आमच्याशी पुस्तकासारखं बोलणारी ती मुलगी घरच्यांशी कशी बोलते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "आबा, जमलं! व्हय. व्हय, पास. आता कराडच्या लोकास्नी न्हाई म्हणून सांगा. आवं, पोरगा चांगलाच हाय, कोन न्हाई म्हणतंय? पर न्हाई म्हणून सांगा!"

फोन ठेवून ती आत आली आणि मोरीपाशी माझ्याशेजारी उभी राहिली. मी साहेबांनी वापरलेलं भांडं धुवत होते. तिनं हात धुतले आणि नळ तसाच सोडला.

"अगं, नळ," मी म्हटलं.

तिनं चमकून माझ्याकडे बघितलं आणि नळ बंद केला. मी कॅन पुढं ओढला, चौथं पाणी भांड्यात फिरवलं आणि ओतलं. बादली खाली होतीच.